नेव्हिल डिसोझा आणि आमच्या घरातला नऊ नंबर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. कारणही तसंच आहे, घरात वाद पेटला आहे आणि मला पंच नेमलं गेलं आहे.

गेल्या आठवड्यात नागपूरहून पुतण्याचा फोन आला. "काका, आता तुम्हीच याला समजवा." याला म्हणजे त्याच्या चिरंजीवाला. वय सोळा. दहावीला पंच्याऐंशी टक्के, अकरावी विज्ञान, शिवाय इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. त्या क्लासची फी ऐकली तेव्हा मला माझ्या नोकरीतल्या पहिल्या पाच वर्षांचा एकूण पगार आठवला! तर हे सगळं सोडून त्याला पुण्याकडच्या एका फुटबॉल अकादमीत राहायला जायचं आहे. तिथल्या चाचणीत तो निवडला गेला आहे. तो स्ट्रायकर आहे, आमच्या काळच्या भाषेत सेंटर फॉरवर्ड. पाठीवर नऊ नंबर.

मग त्याच दिवशी सूनबाईंचा फोन, मग पुण्याच्या बहिणीचा, मग अमेरिकेतल्या भाच्याचा (त्याला तिथे बसून सगळ्यात जास्त काळजी). प्रत्येकाचं म्हणणं एकच, "तुम्ही मास्तर होता, तुमचं तो ऐकेल." फोनवर सगळे एकाच वेळी बोलतात आणि मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणून इथेच लिहितो. सगळ्यांनी निवांत वाचा, आणि मग हवं तर भांडा.

पोराला मी विचारलं, "नेव्हिल डिसोझा माहीत आहे का रे?" तो म्हणाला, "हो आबाजी, 'मैदान' पिक्चरमधला ना?" चला, निदान पिक्चरमुळे का होईना, नाव तरी पोहोचलं. २०२४ साली आलेला तो चित्रपट मुळात प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर आहे, नेव्हिल त्यात इतरांसारखा येतो-जातो. पण माझ्या मते आपल्या भागातल्या माणसाने स्ट्रायकर म्हणून आयुष्य काढायचं ठरवलं, तर सगळ्यात आधी याच माणसाची गोष्ट वाचावी. नुसती मेलबर्नची नव्हे, पुढचीमागचीही.

नेव्हिल १९३२ साली गोव्यात, बार्देशातल्या आसगावात जन्मला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि १९६१ पर्यंत राहिला. म्हणजे ज्या गावात जन्म झाला ते गाव भारतात नाही, आणि अंगावर मात्र भारताची जर्सी. फुटबॉल तो मुंबईत खेळला. तेव्हा मुंबईच्या फुटबॉलला मोठा दबदबा होता. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप व्हायचा, १८९१ पासूनची ती जुनी स्पर्धा. आणि संघ कोणाचे? कंपन्यांचे, रेल्वेचे, लष्कराचे, गिरण्यांचे. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबचा खेळाडू, नंतर कालटेक्सचाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

१९५६ साली मेलबर्नचं ऑलिंपिक. त्याआधी चार वर्षं, १९५२ साली हेलसिंकीत, युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. आपले बरेच गडी तेव्हा अनवाणी खेळत असत. त्यामुळे मेलबर्नला आपल्याकडून कोणाला काय अपेक्षा असणार? पहिल्या फेरीत हंगेरीशी गाठ होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी, १ डिसेंबरला.

नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा. मध्यांतराआधी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. मग ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी तथा किट्टूने चौथा गोल केला आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा आशियातला पहिला खेळाडू कोण, तर आसगावचा नेव्हिल डिसोझा. आणि उपांत्य फेरीत पोहोचणारा आशियातला पहिला देश कोणता, तर आपला!

उपांत्य सामना पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी. मध्यांतरापर्यंत शून्य-शून्य. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. ज्यांनी चार वर्षांपूर्वी दहा गोल मारले, त्यांच्यावर आपण आघाडीवर! ती आघाडी दोन मिनिटंच टिकली. सामना ४-१ ने गेला. मग तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडूनही ०-३ असे हरलो, आणि पदक हुकलं. पण स्पर्धेतले सर्वाधिक गोल चार, आणि ते करणारे खेळाडू तीन: एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा, एक आपला.

आता पुढचं ऐका. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलमधला पहिला अर्जुन पी. के. बॅनर्जींना मिळाला, आणि तो योग्यच होता. पुढच्या काही वर्षांत बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग यांनाही मिळाला. तीही मोठीच माणसं. नेव्हिलला मिळाला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. १९८० साली तो गेला तेव्हा त्याचं वय होतं ४७.

मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मराठीच्या किती पाठ्यपुस्तकांतून किती खेळाडूंवरचे धडे शिकवले असतील, पण नेव्हिल डिसोझाचं नाव माझ्या तोंडून वर्गात एकदाही गेलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर इंटरनेट आलं, तेव्हा कुठे कळलं. असो.

पोराच्या आईचा मुद्दा असा की, बघा, एवढा मोठा खेळाडू होऊनही काय मिळालं? आणि त्याच्या बापाचा मुद्दा असा की स्ट्रायकरची कारकीर्द असते किती वर्षांची? तिशी ओलांडली की संपलं. दोन्ही मुद्दे खरे आहेत. मी ते खोडत नाही. पण मला त्या गोष्टीतलं वेगळंच काही दिसतं.

मला दिसते ती टाटांची नोकरी. त्या काळी कागदोपत्री आपल्याकडे व्यावसायिक फुटबॉलपटू असा कोणी नव्हताच, आणि ऑलिंपिकमध्ये तर हौशी खेळाडूंनाच प्रवेश. पण कंपनीच्या संघाकडून खेळणाऱ्याचं नाव बहुधा कंपनीच्या पगारपत्रकावरही असायचं. सामना असला की सुटी पगारी. पाय गेला तरी टेबल शाबूत. पुढे बँका आल्या, खत कारखाने आले, मफतलाल आले, ओर्के मिल्स आली, महिंद्र आले. म्हणजे ज्याला आपण कारकीर्द म्हणतो तिच्याखाली एक फळी होती. गोल होवोत न होवोत, पहिल्या तारखेला घरात धान्य येत होतं. माझं स्पष्ट मत आहे की स्ट्रायकर हा प्रकार त्या फळीशिवाय तयार होत नाही. बचावपटू होईल, गोलकीपर होईल, स्ट्रायकर नाही.

का ते सांगतो. फुटबॉल मी कधी धड खेळलो नाही, पण टीव्हीवर पुष्कळ पाहिला आहे. स्ट्रायकरचं मुख्य काम असतं वाट बघणं. नव्वद मिनिटांत चेंडू त्याच्या पायाशी किती वेळ असतो? फार तर दोन-तीन मिनिटं. उरलेला वेळ तो गोलकडे पाठ करून उभा असतो, मागे दोन दांडगे बचावपटू त्याला कोपरं मारत असतात, तो इकडे सरकतो, तिकडे सरकतो, ऑफसाइडच्या रेषेवर माकडासारखा मागेपुढे करतो. आणि मग जी एक संधी येते ती बहुतेक वेळा चुकते. बचावपटूने दहातली एक चूक केली तरी शिव्या खातो. स्ट्रायकरने दहातले दोन मारले तर त्याला डोक्यावर घेतात. असा विद्यार्थी आमच्या शाळेत असता तर नापास! ज्याला चुकायची भीती आहे तो हे काम करू शकत नाही. आणि ज्याची पुढच्या महिन्याची भाकरी पुढच्या गोलावर अवलंबून आहे, त्याला चुकायची भीती वाटणारच ना?

ती फळी हळूहळू गेली. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, तरी २०१० साली संघ गुंडाळला गेला. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. मग राहिली इंडियन सुपर लीग. तिथे दिवे आहेत, टीव्ही आहे, पैसाही आला, खोटं का बोला? पण क्लबवाल्यांना गोल आज हवा असतो, उद्या नको. मग ते नऊ नंबरसाठी परदेशी खेळाडू आणतात. आपल्या पोरांना सांगतात, तू बाजूने खेळ.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघा. रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ साली आपल्याच देशात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं ते तिकडच्या मंडळींना सांगायला नको. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, आणि शाहू स्टेडियमवरची ती गर्दी! अशा गावातला आघाडीचा पोरगा. पुढे तो जमशेदपूरकडून खेळला, २०२२ मध्ये लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता, मधे इंग्लंडात ब्लॅकबर्नलाही सराव करून आला. चांगली, कष्टाने मिळवलेली कारकीर्द आहे. पण मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये तो बहुतांश बाजूनेच खेळताना दिसला. मधली जागा दुसऱ्या कोणाची तरी.

परिणाम काय झाला? सुनील छेत्री ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात निवृत्त झाला. शेवटचा सामना कुवेतशी, निकाल ०-०. खात्यावर आंतरराष्ट्रीय गोल ९४. सगळ्यांनी डोळे पुसले, आणि नऊ-दहा महिन्यांत त्यालाच परत बोलवावं लागलं! मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, तो मालदीवविरुद्ध उतरला आणि त्याने गोलही केला. त्याचं कौतुक आहेच. पण दीडशे कोटींच्या देशाला चाळिशीतल्या माणसाला निवृत्तीतून उठवावं लागतं, याची मला मास्तर म्हणून लाज वाटली. हे म्हणजे शाळेला गणिताचा शिक्षक मिळेना म्हणून मला परत बोलावण्यासारखं झालं. (मला बोलावलंही होतं. मी गेलो नाही.)

आता नागपूरकरांनो, तुम्ही म्हणाल की आपला याच्याशी संबंध काय, आपल्याकडे कुठे फुटबॉल आहे? तर हे साफ चूक. कामठी काय लांब आहे? तिथल्या रब्बानीच्या पोरांचा खेळ बघितला नसेल तर एकदा बघून या. आणि विजय बारसे तर आपल्या नागपूरचेच. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवायचे. पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती, ती त्यांनी पाहिली आणि २००१ पासून त्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. पुढे त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली, बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोरं गेली, आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला. आपण सगळे मिळून तो बघायला गेलो होतो, आठवतं? बाहेर पडताना सगळे अमिताभबद्दल बोलत होते. मी गप्प होतो. सूनबाईंनी विचारलंही, "काका, आवडला नाही का?"

आवडला होता. पण त्या बादलीच्या प्रसंगापासून माझं लक्ष पडद्यावर नव्हतं. बारसे सरांना रस्त्यावरून जाताना ती पोरं दिसली. माझ्या तर वर्गात होता, तिसऱ्या बाकावर.

ही गोष्ट मी आजपर्यंत घरात कोणाला सांगितलेली नाही.

१९९० साल. त्या जून-जुलैत इटलीचा विश्वचषक. कुहीत तेव्हा टीव्ही मोजके, त्यातला एक आमच्या गल्लीत. पोरं रात्री खिडकीला लटकून सामने बघायची. त्या वर्षी इटलीचा स्किलाची म्हणून एक खेळाडू अचानक उगवला. पहिल्या सामन्यात बदली म्हणून आला, गोल मारला, आणि मारतच राहिला. सहा गोल, स्पर्धेत सर्वाधिक. शाळा सुरू झाली तेव्हा दहावीच्या वर्गातल्या एका पोराचं नावच पोरांनी 'स्किलाची' पाडलं होतं. मी हजेरी घेताना त्याचं खरं नाव पुकारलं की मागून कुजबुज यायची.

शाळेत फुटबॉल नव्हता. व्हॉलीबॉल होता, त्यालाच लाथा. मैदानाला लागून मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या. आमच्या भागात हंगामात सातरे लागले की सगळीकडे लालच लाल, चेंडू तिकडे गेला की बायकांच्या शिव्या आणि पोरांच्या डोळ्यांतून पाणी. हा पोरगा डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा, अनवाणी. बाकीची पोरं चेंडूमागे कळपाने धावायची, हा मात्र समोरच्या गोलजवळ उभा. हात कमरेवर. मी व्हरांड्यातून बघायचो आणि म्हणायचो, बघा, अभ्यासात आळशी तो आळशी, खेळातही उभाच! त्याच्याकडे चेंडू आला की मात्र दोन दगडांच्या मधूनच जायचा. ते मला दिसायचं, पण त्याचा अर्थ कळायचा नाही.

त्या हिवाळ्यात नागपुरात निवड चाचणी होती. आमच्या खेळाच्या शिक्षकांनी त्याचं नाव धाडलं होतं. अर्जावर वर्गशिक्षकाची सही लागायची. वर्गशिक्षक मी. आणि चाचणीच्याच आठवड्यात दहावीची पूर्वपरीक्षा. त्याचं गणित कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं. तो अर्ज घेऊन आला तेव्हा मी सही केली नाही. वर चांगला तासभर उपदेश केला. "खेळून कोणाचं पोट भरलंय?" हे वाक्य माझं आहे, मला अजून आठवतं. त्याने अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेला. वाद घातला नाही. दहावी तो पास झाला, एक्केचाळीस टक्के. मला तेव्हा फार समाधान वाटलं होतं, की आपण पोराचं वर्ष वाचवलं. पुढे तो शिकला नाही.

पिक्चर बघून आल्यावर काही महिन्यांनी तो मला आठवडी बाजारात भेटला. आता पन्नाशीच्या जवळ आला आहे. हंगामात मिरचीची पोती उचलतो, एरवी शेती. वाकून पाया पडला. मी धीर करून विषय काढला. म्हटलं, तुला तो अर्ज आठवतो का? तो हसायलाच लागला. "आठवते ना सर! पण तुमी कायले मनाले लावून घेता? गेलो असतो तं दोन दिस खेळून वापस आलो असतो. तिथं आमच्यासारखे शंभर आले असतीन."

असेलही. मी त्याला मोठा खेळाडू होऊ दिलं नाही असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. शंभरातून एक निवडतात, आणि निवडलेल्या शंभरातून एक टिकतो. स्किलाचीचंच बघा, त्या उन्हाळ्यानंतर इटलीकडून त्याचा जेमतेम एक गोल झाला, एकूण सात. २०२४ च्या सप्टेंबरात तो गेल्याचं वाचलं तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत तोच एक उन्हाळा छापला होता. म्हणजे यश मिळालं तरी ते एवढुसं असू शकतं. पण माझ्या स्किलाचीला आपण त्या शंभरांत कुठे बसतो हे कळायला हवं होतं. ते त्याने ठरवायचं होतं किंवा चाचणी घेणाऱ्यांनी ठरवायचं होतं. ठरवलं मी, ज्याला ऑफसाइडही कळत नव्हता. आणि मंडळी, मी नाही म्हणालो तेव्हा माझं काहीच गेलं नाही. पगार तोच, पेन्शन तीच. तो हसला हे मला जास्त लागलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

तर आता आपल्या पोराकडे येतो. त्याला मी फोनवर एकच प्रश्न विचारला होता. म्हटलं, सलग किती सामने तू एकही गोल केला नाहीस? मला वाटलं लपवेल. तो म्हणाला, "आठ." मग त्या आठ सामन्यांत काय करत होतास? तर म्हणे, "आबाजी, त्यांच्या सेंटर बॅकला घेऊन फिरत होतो. मी बाजूला ओढून नेलं की मधे जागा होते. तिथून आमच्या दुसऱ्या पोराने पाच मारले." आवाजात तक्रार नव्हती. मला त्याचं पंच्याऐंशी टक्क्यांचं गुणपत्रक बघून जेवढं वाटलं नव्हतं तेवढं या उत्तराने बरं वाटलं. १९९० साली हे कोणी मला सांगितलं असतं, तर हात कमरेवर ठेवून उभं राहणारा पोरगा मला आळशी दिसला नसता.

म्हणून माझं मत: त्याला जाऊ द्या.

थांबा, लगेच फोन उचलू नका. यातला धोका मला कळतो. २०२५ साली सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, करारमदारांच्या घोळात सगळं अडकलं, काही क्लबांनी तर पगार थांबवले. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंची ही गत, तर अकादमीतल्या पोराला कोण विचारतो? कंपनीची ती फळी आता नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही भरती होते, पण बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं आपण पेपरात वाचतोच. तेव्हा फळी घरानेच टाकायची आहे. ती कशी, ते सांगतो.

अकरावी सोडायची नाही. विज्ञान सोडलं तरी चालेल, पण तिकडच्या कॉलेजात कला शाखेत नाव घालायचं. मी बी. ए. च आहे, उपाशी मेलो नाही. अकादमी जो काही कागद सहीला देईल तो आपल्या वकील जावईबापूंनी आधी वाचायचा, पोराच्या बापाने नव्हे, तो भावनेच्या भरात सही करतो. गुडघ्याचा विमा आहे का, असल्यास किती, हे लेखी घ्यायचं, कारण स्ट्रायकरचा गुडघा जातोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर रविवारी फोन करून "किती गोल मारले?" असं कोणीही विचारायचं नाही. अमेरिकेनेही नाही. विचारायचंच असेल तर जेवलास का ते विचारा.

किती वर्षं? मी म्हणतो तीन. एकोणिसाव्या वर्षी कुठल्या तरी वरच्या संघात जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर त्याने स्वतः ठरवावं. तोवर आपण घड्याळ लावून बसायचं नाही. नेव्हिल ऑलिंपिक खेळला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि तोवर टाटांनी काही दर महिन्याला हॅटट्रिकची पावती मागितली नसणार.

क्लासची भरलेली फी परत मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि पुतण्याला तेच सगळ्यात जास्त झोंबतं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण अकादमीच्या पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचा खर्च माझ्या पेन्शनमधून जाईल. यात मोठेपणा काही नाही. एका अर्जावर सही करायची राहिली होती. सूनबाई, यावर वाद नको.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने मी नागपूरला येतो आहे. पोराला घरी थांबायला सांगू नका, त्याचा त्या दिवशी सामना आहे असं त्याने मला सांगितलं आहे. मीच मैदानावर जाईन. कोणीतरी स्टँडवर घ्यायला या, आणि येताना एक घडीची खुर्ची गाडीत टाका, मला आता नव्वद मिनिटं उभं राहवत नाही. मिरचीचं तिखट दोन किलो आणतो आहे, बहिणीचा वाटा वेगळा बांधला आहे.